भिंतीवरची नांगरट

म्हातारी मामोसा कुणाच्याही घरी गेली तरी आधी दाराशी थांबून भिंतीला तळवा लावायची. भिंतीवरून तिला घर कळायचं म्हणे. त्या दिवशी तिने जावयाच्या भिंतीला हात लावला आणि मातीचा चांगला ताटाएवढा पापुद्रा सुटून तिच्या पायाशी पडला. आतले दगड उघडे पडले. म्हातारीने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि मग अंगणात जू घासत बसलेल्या जावयाकडे पाहिलं.

"हे असं आहे तर," ती म्हणाली.

जावयाचं नाव मोएकेत्सी. पण त्या नावाने त्याला फक्त गावचा मुखिया हाक मारायचा, तीही काही चुकलं असलं तरच. बाकी सगळ्यांचा तो रालिम्फो, म्हणजे लिम्फोचा बाप. आमच्याकडे मूल झालं की माणसाचं जुनं नाव पेटीत जातं आणि मुलाचं नाव त्याच्या डोक्यावर बसतं. त्याची बायको तशीच मालिम्फो झाली होती. ती छातीच्या दुखण्याने गेली, त्याला दोन हिवाळे झाले. मागे राहिले बाप आणि नऊ वर्षांची लेक, दोन गोल घरं, चार बैल आणि एक नांगर.

लेसोथोच्या डोंगरांत ऑगस्ट हा वाऱ्याचा महिना. थंडी सरते, पाऊस अजून लांब असतो, आणि मधल्या दिवसांत नुसती धूळ उडते. त्यातून यंदा पावसाने दगा दिलेला. गावच्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली होती आणि मुखियाने एका घराला दोनच बादल्या असा दंडक घातला होता. रालिम्फो दुसऱ्यांची रानं नांगरून पोट भरायचा. आता रान दगडासारखं झाल्यावर नांगर टेकवणार कुठे? मग तो नसलेल्या कामाची तयारी करत बसायचा. जू घासायचं, बैलांच्या गळ्यातल्या सापत्यांना चरबी लावायची, फाळ उन्हात ठेवून बघायचा.

"आई, भिंतीला पाणी कुठून आणू?" तो म्हणाला.

"मागच्या वर्षी होतं पाणी. त्याच्या मागच्या वर्षीही होतं."

ते खरं होतं. मालिम्फो गेल्यापासून त्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता. सारवण हे बाईचं काम. बाई नाही तर काम नाही, इतकं साधं त्याने धरलं होतं.

म्हातारी उंबऱ्यावर बसली. ब्लँकेटची पिन सोडून तिने ते सैल केलं. "पोर मोठी व्हायला लागली. ज्या भिंतीला बाईचा हात नाही त्या घरात मुलगी वाढवू नये. सप्टेंबरात शाळेला सुट्टी लागली की मी तिला नदीपलीकडे नेते."

"ती माझी लेक आहे."

"मी कुठे नाही म्हणते? लेक तुझीच. घर कुठंय?"

तेवढ्यात लिम्फो शाळेतून आली. आजीला बघून तिचा चेहरा फुलला, मग अंगणातली पडलेली माती दिसली आणि तो जरा आवळला. तिने खराटा घेतला आणि माती गोळा करायला लागली.

"राहू दे ते," आजी म्हणाली. "शाळेत काय शिकवलं आज?"

"बाईंनी भिंतीचं काम दिलंय," लिम्फो म्हणाली, आणि खाली बघूनच बाकीचं सांगितलं.

चौथीच्या रेफिलोए बाईंना कलेच्या तासाचं भारी वेड. जिल्ह्याकडून रंगांची पेटी यायची होती, ती काही येत नव्हती. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी मुलांकडून दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडांच्या बाहुल्या करवून घेतल्या, मातीचे बैल करवून घेतले, कुंपणाच्या तारेच्या गाड्या करवून घेतल्या. आता त्यांच्या मनात वर्गाची बाहेरची भिंत आली होती. ती लिंपून तिच्यावर चौकोन पाडायचे, एका मुलाला एक चौकोन. ज्याने त्याने आपल्या घरच्या भिंतीवर असते ती नक्षी स्वतःच्या हाताने काढायची. घरचं माणूस सोबत येऊन शिकवेल. महिनाअखेरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी.

"आणि तुझं काय?" आजीने विचारलं.

लिम्फोने खांदे उडवले.

"मी येईन," म्हातारी म्हणाली. "आमच्या घरची फुलं काढू आपण. तुझी आई माझ्याकडून शिकली तीच. सगळ्या गावाला दिसू दे पोर कुठल्या घरची आहे ते. काम झालं की तिथूनच निघू दोघी."

हे तिने जावयाकडे न बघता सांगितलं. पण ते त्याच्यासाठीच होतं, आणि त्याला ते पुरतं कळलं. आमच्याकडे भिंतीवरची नक्षी म्हणजे घराची सही. चौकोनात एकदा मामोसाची फुलं उमटली की लिम्फो नदीपलीकडची झाली. मग मुखियाकडे जाऊन बोंब मारली तरी मुखिया म्हणणार, बाबा रे, भिंतीवर काय आहे ते बघ.

म्हातारी गेल्यावर रालिम्फोने जू बाजूला ठेवलं. बायको गेली. आता लिम्फोही गेली तर ह्या नावाचं तो काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड धुतलं, बरा सदरा घातला आणि शाळा सुटायच्या वेळी वर्गात गेला. बाईंनी बसा म्हटलं. बसायला पोरांचंच बाक. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. मागे राहिलेली दोनचार पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. खिडकीत मातीचे बैल वाळत ठेवले होते, कुणाला शिंगं जास्त तर कुणाला पाय कमी.

"बाई, भिंतीच्या दिवशी पुरुष आला तर चालतो का?"

रेफिलोए बाई तरुण होत्या, मैदानातल्या शहरातून आलेल्या. हसू आलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. "मी 'घरचं माणूस' असं सांगितलंय, न्ताते," त्या आदराने म्हणाल्या. "घरची बाई असं नाही सांगितलं." मग त्यांनी खिडकीतला एक बैल सरळ केला. "पण एक गोष्ट आहे. रिकामा चौकोन मला नको. ज्या मुलाचा चौकोन रिकामा राहतो ते मूल पुन्हा शाळेत येत नाही. मी दुसरीकडे हे बघितलंय. आजीबाई येणार असतील तर येऊ द्या. तुम्हाला येतं का हे?"

"येईल," तो म्हणाला.

"येतं का, असं विचारलं मी."

"येईल म्हटलं ना," असं म्हणून तो उठला, आणि बाक त्याच्या मागे आडवं झालं.

शेजारी मापोलोको राहायची. तोंडाची फटकळ, हाताची मोकळी. तिच्या भिंती लांबून ओळखू यायच्या. ती दारात ज्वारी पाखडत होती. रालिम्फोने कुंपणाजवळ उभं राहून घसा खाकरला, हवापाण्याचं काही बोलला, पुन्हा घसा खाकरला.

"काय अडकलंय घशात? बोल की."

त्याने सांगितलं. मापोलोकोचं सूप थांबलं. "मी येऊन करून देईन तुझी भिंत. त्यात काय एवढं? पण मग ती माझी होईल. रस्त्यावरून जाणारी बाई म्हणेल, मापोलोकोने नवऱ्याच्या मागे दुसरं घर केलं."

"करून नको देऊ. शिकव."

"पुरुषाला?"

"हात हातच असतो."

"असतो ना," ती म्हणाली. "जोआलाच्या दारूचं मडकं उचलायला असतो." पण तिने सूप खाली ठेवलं. "आधी शेण आण जा. ओलं. आणि लक्षात ठेव, मुखियाच्या बादलीतला थेंबही वापरलास तर मी तुला ओळखत नाही."

अशी त्याची शिकवणी सुरू झाली. सकाळी लिम्फो शाळेत गेली की तो बैलांच्या मागे टोपली घेऊन फिरायचा. बैलांना खायला नुसती ज्वारीची वाळकी ताटं, त्यामुळे शेण कसलं, कडब्याचा चोथाच. नदीकाठच्या दरडीतून तो माती खणून आणायचा आणि चाळणीने चाळायचा. चाळलेली धूळ वाऱ्याने निम्मी त्याच्याच तोंडात जायची. पाणी घरातलं. पापाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचं, भांडं धुतलेलं, भाजी धुतलेलं, तोंड धुतलेलं, सगळं एका डब्यात साठायचं. त्याने स्वतःची अंघोळ बंद केली. लिम्फो पाय धुवायची ते पाणीसुद्धा डब्यात. त्या डब्याला असा वास यायचा की कुत्रं लांबून वळसा घालून जाई.

पहिला लेप त्याने मागच्या घराच्या भिंतीला दिला, रस्त्यावरून दिसत नाही त्या बाजूला. दुपारपर्यंत भिंत झकास दिसत होती. संध्याकाळी तिला भेगा पडल्या आणि सकाळी सगळा लेप खाली बसला होता.

"चोथा जास्त," मापोलोको म्हणाली. "शेण पाण्यात कालव, चोथा काढून टाक, मग मातीत घाल. आणि आधी भिंतीला पाणी पाज. कोरड्या भिंतीला लेप दिलास तर ती त्यातलं पाणी पिऊन घेते. पाहुण्याला पाणी न देता पंगतीत बसवलास तर काय होईल?"

दुसरा लेप टिकला, पण त्याला ढेकळं. तिसऱ्याला तळवा फिरवताना कळलं की सगळं काम मनगटात आहे. नांगराचा जोर खांद्यातून येतो, पाठीतून येतो. इथे तो जोर लावला की लेप हाताबरोबर निघून यायचा. शेणामातीने त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यांत वाळू शिरली. रात्री पापा कालवताना बोटं चुरचुरायची. लिम्फो ते बघायची आणि आपला घास गिळायची.

गावात असली गोष्ट किती दिवस लपणार? गुरांच्या वाड्याशी पुरुष बसायचे तिथे तो गेला की गप्पा थांबायच्या. सेबोको नावाचा त्याचा लहानपणचा दोस्त होता, दोघांनी मिळून गुरं राखली होती. तो एके दिवशी सरळ उठून उभा राहिला आणि जागा झटकून म्हणाला, "या, नवरीबाई, बसा. झालं का सारवण? सासू जाच करत नाही ना?"

सगळे हसले. रालिम्फोही हसला, कारण न हसून करतो काय. पण बसला नाही. परत येताना कानशिलं तापली होती आणि त्याला रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. घरी आल्यावर मात्र त्याने डबा उघडला, नाक धरलं आणि पुन्हा माती भिजवायला घेतली.

सेबोकोचं बोलणं त्याने पचवलं. लेकीचं पचवणं जड गेलं.

लिम्फो त्या संध्याकाळी शाळेतून आली ती बाहीने तोंड पुसतच. चुलीपाशी बसली, जाळ सारला, पुन्हा सारला. मग म्हणाली, "बाबा, शुक्रवारी तुम्ही येऊ नका."

"का गं?"

"सगळ्यांच्या आया येणारेत. मुलं म्हणतात, लिम्फोचा बाप झगा घालून येणार." तिचा आवाज चिरकला. "आजीच करू दे ना. तिला येतं. तिचं चांगलं होतं."

त्याला म्हणायचं होतं, आजीने केलं तर तू जाशील. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे जू घालायचं का? तिला आजी आवडायची. आजीकडे भिंती होत्या, कोंबड्या होत्या, केसांच्या वेण्या घालायला हात होते. इथे काय होतं?

"बरं," तो म्हणाला. "नाही येत."

"रागावलात?"

"नाही. जेव."

त्याला झोप आली नाही एवढंच सांगतो, बाकी त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं. शाळेत जायचं नाही, पोरीने सांगितलंय. पण भिंत माझी आहे. ती मी करणार. ती घर सोडून जाईल तेव्हा जाईल, पण ह्या घराला भिंत नव्हती असं तिने पुढे कुणाला सांगायला नको.

लेप आता हाताला बसला होता. पुढच्या घराची भिंत सपाट, गार, ओली झाली. मापोलोको बघायला आली, बोटाने टोचून बघितली आणि मान हलवली. "आता नक्षी. तुमच्या भिंतीवर काय असायचं?"

रालिम्फो भिंतीकडे बघत राहिला.

काय असायचं? दहा वर्षं तो त्या भिंतीला पाठ टेकून बसला होता. मालिम्फो दर वर्षी नक्षीचा काटा घेऊन तिच्यासमोर उभी राहायची, हात कोपरापर्यंत माखलेले, आणि तो म्हणायचा, जेवायला वाढ. एकदाही मान वळवून नीट बघितलं नव्हतं. बायको गेली तेव्हा तो रडला नव्हता, आता त्या कोऱ्या भिंतीपुढे त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते कोपराने पुसले. हात माखलेले होते.

"फुलं होती," मापोलोको जरा मऊ होऊन म्हणाली. "चार पाकळ्यांची. पण ती तिने माहेरून आणलेली. मामोसाचीच."

"आणि माझ्या आईची?"

"तुझी आई गेली तेव्हा मी ह्या गावात आले नव्हते. तूच आठव."

तो तेव्हा डोंगरावर गुरांमागे होता. गुरांचे रंग सगळे आठवत होते. आईची भिंत आठवत नव्हती.

म्हणजे ह्या घराला नक्षीच नव्हती. म्हातारी चुकीचं बोलली नव्हती.

मापोलोकोची ज्वारी उन्हात होती, ती गेली. लेप सुकायला लागला होता. सुकला की मग काही उमटत नाही, हे त्याला आता कळत होतं. त्याने काटा उचलला, जेवणाचा, एक दात वाकलेला. भिंतीसमोर उभा राहिला आणि बापाने शिकवलं होतं तेच केलं. नवं रान समोर आलं की आधी एक डोळा मिटून पल्याडचा दगड धरायचा आणि पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, सरळ घालायचा. पहिला सरळ पडला की बाकीचे त्याच्या मागून येतात. काटा डावीकडून उजवीकडे गेला. ओल्या मातीत चार रेघा उमटल्या, मागे बारीक वरंबा सुटला. टोकाला पोचल्यावर त्याने काटा उचलला, वळवला, आणि पहिल्याला चिकटून परत आला. मग पुन्हा. एक हराई, म्हणजे नांगरटीचा एक पट्टा, झाली, तिच्या शेजारी दुसरी आडवी घातली, उताराला आडवी, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. खांद्याचा जोर आपोआप कमी झाला होता. मध्येच तोंडातून "हळू, त्सुमू, हळू" असं निघालं तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं. त्सुमू त्याचा डाव्या अंगाचा बैल.

मापोलोको परत आली तेव्हा भिंतीवर रेघांचा एक चौकोन पुरा झाला होता. ती बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, ही तर नांगरट आहे."

"मग? लितेमा म्हणजे काय?"

आता हे सांगायला हवं. आमच्या बोलीत भिंतीवरच्या रेघांना लितेमा म्हणतात, आणि नांगरलेल्या रानांनाही लितेमाच म्हणतात. शब्द एकच. बाया तो भिंतीसाठी वापरतात, पुरुष रानासाठी, आणि दोघांना वाटतं तो आपलाच. मापोलोकोने जन्मभर तो शब्द वापरला होता. आज ती तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"ते सगळं ठीक," ती शेवटी म्हणाली, "पण चहूबाजूंनी ही रिकामी कड कसली सोडलीस? भिंत कडेपर्यंत भरायची असते. रिकामी कड मयताच्या घरात सोडतात, वर्षभर. बाया बघतील तर छातीवर हात मारतील."

"कडेपर्यंत नांगरलं तर बैल वळवू कुठे? तुझ्या अंगणात?"

मापोलोको हसायला लागली ती खाली बसेपर्यंत. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ठेव तशीच. पण शाळेच्या भिंतीवर नको काढू असलं काही."

"मी शाळेत जाणारच नाही."

लिम्फो आली तेव्हा तो घरात चूल पेटवत होता. ती बराच वेळ आत आली नाही. त्याने डोकावून पाहिलं. ती भिंतीपाशी उभी होती आणि एका तासातून बोट फिरवत चालली होती. टोकाला पोचली की वळायची आणि शेजारच्या तासातून परत यायची.

"इथे मोकळं का ठेवलंय?" तिने विचारलं.

"औत वळायला."

ती आत आली, भांडी धुतली आणि पाणी डब्यात ओतलं.

शुक्रवार आला. वारा पडला होता आणि ऊन चरचरीत होतं. शाळेच्या अंगणात बाया जमल्या, ब्लँकेटं कुंपणावर टाकली, बाह्या वर केल्या. मुलांनी घरून बाटल्यांतून उरलंसुरलं पाणी आणलं होतं. भिंत आदल्या दिवशी लिंपून झाली होती आणि बाईंनी दोरी लावून चौकोन पाडले होते. आता एकेक चौकोन ओला करून वरचा बारीक लेप द्यायचा आणि सुकायच्या आत नक्षी काढायची. एकच गलका. कुणाचा काटा हरवला, कुणाच्या पोराने गेरू खाल्ला.

मामोसा नदी ओलांडून पहाटेच निघाली होती. डोक्यावर तिच्या दरडीची राखाडी माती, लोण्यासारखी चाळलेली. तिने लिम्फोच्या चौकोनाला लेप दिला तेव्हा शेजारच्या बाया आपलं काम थांबवून बघत राहिल्या. हात असा फिरत होता की त्याचं वय कळू नये.

रालिम्फो घरी होता. निदान त्याने तसं ठरवलं होतं. मग बैलांना शाळेच्या बाजूने चरायला न्यावं असं त्याच्या मनात आलं, जरी त्या बाजूला गवताची काडी नव्हती. तो कुंपणाबाहेर बैलांच्या आड उभा राहिला. चार बैलांच्या आड एक माणूस किती लपणार? सगळ्यांनी त्याला पाहिलं. लिम्फोनेही पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"बघ," आजी म्हणाली, "आधी मधोमध टिंब. मग ही पहिली पाकळी. आता ही तू काढ." तिने काटा पोरीच्या हातात दिला.

लिम्फोने काटा घेतला आणि तशीच उभी राहिली. पाकळीची कड उन्हात पांढरी पडायला लागली.

"काढ गं. सुकतंय."

रेफिलोए बाई मुलांमधून फिरत तिथे आल्या. त्यांनी पाकळीकडे पाहिलं. "सुरेख आहे. लिम्फो, तुमच्या घरी असंच आहे का?"

बाईंनी हे सगळ्यांना विचारलं होतं, सहज. पण आजूबाजूचं बोलणं एकदम कमी झालं. आजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही," लिम्फो म्हणाली. "आमच्या घरी असं नाहीये."

तिने तळवा भिंतीवर ठेवला आणि आजीची पाकळी पुसली. एकदा, दोनदा, लेप सपाट होईपर्यंत. कुणीतरी श्वास आत ओढला. बाप रान नांगरताना करतो तसा तिने एक डोळा मिटला, चौकोनाच्या पल्याडच्या कोपऱ्यावर नजर धरली आणि काटा टेकवला. पहिला तास जरा वाकडा गेला. तिने तो पुसला आणि पुन्हा घातला. ह्या वेळी सरळ पडला. टोकाच्या आधी ती थांबली, काटा उचलला, वळवला.

"वळ, त्सुमू, वळ," ती पुटपुटली.

मापोलोको दोन चौकोन पलीकडे होती, तिच्या तोंडातून हसू फुटलं. मग आणखी एकीच्या. पोरगी मात्र थांबली नाही. दुसरा तास, तिसरा. कुंपणाबाहेर रालिम्फोने त्सुमूच्या मानेवर हात ठेवला होता. आपण रडतोय हे त्याला कळत होतं आणि ते लोकांना दिसलं तरी त्याला चालणार होतं.

"कड सोडलीस," आजी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "अशी कड कुठे सोडतात माहीत आहे तुला?"

"तिथे औत वळतं," लिम्फो म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "कडेपर्यंत नांगरायचं नसतं, आजी. बाबांना विचार हवं तर."

मामोसाने पोरीच्या मानेकडे पाहिलं, घामाने चिकटलेल्या केसांकडे पाहिलं, हळूहळू भरत चाललेल्या चौकोनाकडे पाहिलं. अपमान तर झाला होता, सगळ्या गावासमोर, आणि तिच्याच लोण्यासारख्या मातीवर. काटा हिसकावून घेतला असता तरी कुणी अडवलं नसतं. तिचा हात पुढे झालाही. मग तो खालच्या हराईच्या जागेवर टेकला आणि तिथेच राहिला.

"इथलं सुकलं," ती म्हणाली. "सुक्या मातीत काय नांगरणार तू? थांब."

तिने बाटली उचलली, ओंजळीत पाणी घेतलं आणि भिंतीवर शिंपडलं, बोटांनी, थोडं थोडं. लिम्फो नांगरत खाली येत होती तशी आजी तिच्या पुढे पुढे भिंत भिजवत गेली. बाटली संपली तेव्हा तिने ती उलटी करून पाहिली आणि कुंपणाकडे तोंड केलं.

"रालिम्फो."

तो बैल सोडून पुढे आला. बायांनी वाट दिली. तो तिच्यासमोर उभा राहिला, डोळे न पुसताच.

"पाऊस आला की हे सगळं धुऊन जाईल," म्हातारी म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा घालावं लागेल. घरचं, शाळेचं, दोन्ही."

"मी घालेन, आई."

"तू नाही. ती घालेल, तिला तुझ्यापेक्षा बरं येतं." तिने रिकामी बाटली त्याच्या हातात ठेवली. "तू पाणी आण."